ओव्हनचे दुखणे आणि घरचा वीजमीटर



साफ बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. जे चालते, पण नीट चालत नाही, ते यंत्र माणसाला चकवते. विजेचा ओव्हन घ्या. दिवा लागतो, दार उघडले की तोंडावर ऊब येते, पण पाऊण तास झाला तरी केक मधोमध ओलाच. नाहीतर नानकटाई खालून करपते आणि वरून पांढरीफटक राहते. मग घरात तर्क सुरू होतात. कोणी म्हणते थर्मोस्टॅट गेला, कोणी म्हणते कॉइल गेली, कोणी म्हणते आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेजच नसते. तिन्ही गोष्टी शक्य आहेत. त्यांतली खरी कोणती, हे ओव्हन उघडल्याखेरीज कळणार नाही असा समज आहे. तो बरोबर नाही. नववी-दहावीत शिकलेले दोन नियम, सेकंदकाटा असलेले एक घड्याळ आणि घरचा वीजमीटर एवढ्या साहित्यावर निम्म्याहून अधिक निदान ओव्हनच्या एकाही स्क्रूला हात न लावता होते.

आता हे अधिकच उपयोगाचे झाले आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतील नव्या इमारतींत ओट्याखालच्या कपाटातच बसवलेले ओव्हन दिसू लागले आहेत. त्यांचा प्लग कपाटाच्या पाठीमागे असतो आणि ओव्हन बाहेर काढायचा तर तीसेक किलोचे धूड दोघांनी मिळून ओढावे लागते. असा ओव्हन केवळ 'काय झाले ते पाहू' म्हणून कोणी बाहेर काढत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक अट. या लेखातील बाहेरून करायचे प्रयोग तुम्ही घरातील मोठ्या माणसांसमवेत खुशाल करा. आतील भाग परवानाधारक वायरमनचा. शाळेत तुम्ही दीड व्होल्टच्या घटांवर प्रयोग करता. ओव्हनच्या अग्रांवर २३० व्होल्ट असतात. शिवाय नुसते बटण बंद करून भागत नाही. घरातील वायरिंग करताना कोणी चुकून बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत बसवले असेल, तर बटण बंद असूनही आतील एलिमेंट 'जिवंत' राहते. म्हणून झाकण काढण्याआधी पेटीतील मेन स्विच खाली ओढायचा आणि मग टेस्टरने खात्री करायची, हा नियम पंचवीस वर्षांच्या अनुभवी वायरमनलाही लागू आहे.

ओव्हनच्या पोटात काय असते ते थोडक्यात पाहू. तळाशी एक आणि छताशी एक अशी दोन तापक एलिमेंटे. प्रत्येक एलिमेंट म्हणजे धातूची नळी, तिच्या मधोमध नायक्रोमच्या तारेचे वेटोळे आणि तार व नळी यांच्यामध्ये ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड मोठी गुणी आहे. उष्णता जाऊ देते, पण वीज अडवते. नायक्रोम म्हणजे निकेल व क्रोमियम यांचे संमिश्र. अमेरिकेतील अल्बर्ट मार्श याला १९०६ साली त्याचे पेटंट मिळाले आणि टोस्टर, इस्त्री, शेगडी या सर्वांचा मार्ग मोकळा झाला. तापून लाल झाल्यावर साधी लोखंडी तार हवेत गंजून खलास होते. नायक्रोमवर मात्र क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, चिवट थर बसतो आणि तोच आतील धातूचे रक्षण करतो. त्याची रोधकताही तांब्याच्या साठपटींहून अधिक, त्यामुळे थोड्या लांबीत पुरेसा रोध मिळतो.

एलिमेंटांशिवाय एक थर्मोस्टॅट असतो. आत एक बारीक नळी लावलेली असते, तिच्यातील द्रव तापून प्रसरण पावला की तो स्विच उघडतो. शिवाय कोणते एलिमेंट चालवायचे ते ठरवणारी निवडकळ, आणि अतिताप झाल्यास सर्वच तोडणारा एक सुरक्षा-थर्मोस्टॅट. नव्या ओव्हनांत यात घड्याळाची भर पडली आहे. वीज जाऊन आली की अनेक ओव्हनांचे घड्याळ लुकलुकत राहते, आणि वेळ लावून दिल्याखेरीज ओव्हन तापतच नाही. 'ओव्हन बंद पडला' म्हणून आलेल्या तक्रारींपैकी काही एवढ्यावरच मिटतात. तेव्हा प्रथम घड्याळ पाहा.

आता आकडे. उदाहरणासाठी खालचे एलिमेंट १२०० वॅट आणि वरचे १००० वॅट धरू. तुमच्या ओव्हनचे आकडे दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत मिळतील. ज्यूलने १८४१ मध्ये मांडलेला उष्णतेचा नियम आणि ओहमचा नियम एकत्र केले की

शक्ती = (विभवांतर)² ÷ रोध

असे मिळते. म्हणून २३० व्होल्टवर खालच्या एलिमेंटचा रोध सुमारे ४४ ओहम आणि वरच्याचा सुमारे ५३ ओहम. दोन्ही समांतर जोडणीत चालू असताना एकूण शक्ती २२०० वॅट आणि धारा साडेनऊ अँपिअरच्या वर. म्हणूनच ओव्हनला १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग लागतो.

ही शक्ती खरोखर खर्च होते आहे का, हे वीजमीटर सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ '३२०० इंप/केडब्ल्यूएच' अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. अर्थ असा, की हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास वीज खर्च झाली. एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल. भागाकार करा : प्रत्येक स्पंद ११२५ ज्यूलचा. म्हणून मिनिटातील स्पंदसंख्येला १८.७५ ने गुणले की शक्ती वॅटमध्ये मिळते. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर ३७.५ ने गुणा. जुना चकतीचा मीटर असेल तर त्यावर एका युनिटमागे किती फेरे ते लिहिलेले असते. दिव्याऐवजी चकतीवरील काळी खूण मोजायची, इतकाच फरक.

प्रयोगाची पूर्वतयारी मात्र काटेकोर हवी. फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप, सगळे बंद. मोबाइलचे चार्जरही काढा. आणि इन्व्हर्टर असेल तर तो विसरू नका. बॅटरी गुपचूप चार्ज होत असते आणि तुमचा सगळा हिशेब चुकवते. सगळे बंद केल्यावर लाल दिवा जवळजवळ स्थिर दिसला पाहिजे. मग ओव्हन थंड असतानाच २०० अंशांवर लावा आणि पहिल्या मिनिटाचे स्पंद मोजा. थंड अशासाठी, की थर्मोस्टॅट अजून मध्ये पडणार नाही. स्पंद भरभर येतात. एकाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने प्रत्येक लुकलुकीला कागदावर पेन्सिलीने ठिपका द्यावा.

आपल्या उदाहरणातील ओव्हन निरोगी असेल तर दोन्ही एलिमेंटांवर मिनिटाला ११७, फक्त खालच्यावर ६४ आणि फक्त वरच्यावर ५३ स्पंद यावेत. आतील दिव्यामुळे एखादा स्पंद वाढेल, आणि एलिमेंटांच्या शक्तीतही थोडा फरक असतोच. पाच-सात टक्क्यांवरून भांडू नका. तीनही मोजण्या करा, एक करून थांबू नका, कारण खरी खुबी तुलनेत आहे. समजा दोन्ही लावल्यावर ११७ ऐवजी ८० आले. एलिमेंट खराब की व्होल्टेज कमी? एकट्या ८० वरून सांगता येणार नाही. पण खालच्याचे ६४ ऐवजी ४४ आणि वरच्याचे ५३ ऐवजी ३६ आले, तर तिन्ही ठिकाणी घट सारख्याच प्रमाणात, सुमारे ०.६८ पट आहे. दोन वेगवेगळी एलिमेंटे एकाच वेळी एकाच प्रमाणात बिघडत नाहीत. दोष दोघांच्या सामाईक गोष्टीत, म्हणजे पुरवठ्यात आहे. शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, तेव्हा ०.६८ चे वर्गमूळ काढा, ०.८२५ येते; २३० ने गुणा, १९० व्होल्ट येतात. म्हणजे तुम्ही व्होल्टमीटर न वापरता व्होल्टेज मोजलेत. व्होल्टेज १७ टक्क्यांनी उतरले की उष्णता ३२ टक्क्यांनी उतरते, हा वर्गाचा प्रताप पाठ्यपुस्तकात वाचून जेवढा पटत नाही तेवढा इथे पटतो. हाच प्रयोग दुपारी तीनला आणि रात्री आठला करून पाहा.

(जाता जाता. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातील २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तरी असे सुमारे ९५ हजार ओव्हनच पोसू शकेल. आणि तिथे जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच वीज होऊन निघते. उष्णतेपासून वीज आणि विजेपासून पुन्हा उष्णता, हा द्राविडी प्राणायाम सोयीसाठी आहे, काटकसरीसाठी नव्हे.)

आता एक खरीखुरी केस. आमच्या इमारतीतील एक काकू दिवाळीत नानकटाई करून विकतात. वीस किलोची मागणी हातात असताना त्यांच्या ओव्हनने वरून रंग देणे सोडले. एका दुकानदाराने न पाहताच 'मॉडेल जुने झाले, आता नवीनच घ्या' असा सल्ला दिला. नवीन ओव्हन घ्यायचा तर त्या दिवाळीची सगळी कमाई त्यातच गेली असती. त्यांच्या नववीतल्या मुलीने मीटरसमोर बसून ठिपके मोजले. दोन्ही एलिमेंटांवर ६३, फक्त खालच्यावर ६३, फक्त वरच्यावर १. हा एक स्पंद आतल्या २५ वॅटच्या दिव्याचा. निदान झाले : वरच्या शाखेत धाराच जात नाही. थर्मोस्टॅट निर्दोष, कारण तो दोघांना सामाईक आहे. पुरवठाही निर्दोष, कारण खालचे एलिमेंट पुरेशी शक्ती घेते आहे.

मात्र 'शाखा तुटली आहे' आणि 'एलिमेंट तुटले आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि पुष्कळ दुरुस्तीवाले इथेच घाई करतात. वायरमनने मेन स्विच पाडून, ओव्हन बाहेर ओढून मागचा पत्रा काढला, वरच्या एलिमेंटची एक तार सोडवली आणि मल्टिमीटर लावला. तार सोडवली नाही तर मीटर इतर समांतर वाटांचाही रोध मोजतो आणि फसवतो. रोध आला ५३ ओहम. एलिमेंट ठणठणीत!

इथे नायक्रोमचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. बल्बमधील टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध प्रज्वलित अवस्थेतील रोधाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो, म्हणून थंड बल्ब मोजून त्याची शक्ती काढता येत नाही. नायक्रोमचा रोध तापल्यावर फार तर आठ-दहा टक्क्यांनी वाढतो. थंड ओव्हनवर मिळालेला ५३ हा आकडा तापल्यावरही विश्वास ठेवण्याजोगा असतो.

मग खंड कुठे? एलिमेंटच्या टोकाला तार पकडणारी जी पितळी चाप असते, जिला वायरमन लग म्हणतात, ती काळी पडून ठिसूळ झाली होती आणि तार आतल्या आत जळून सुटली होती. जळका भाग कापून, उष्णता सोसणारी तार आणि नवी लग बसवली. नव्या एलिमेंटच्या मानाने खर्च किरकोळ. पुन्हा स्पंद मोजले, ११६.

ती लग जळली का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सैल सांधा म्हणजे परिपथात शिरलेला एक चोरटा रोध. समजा ओव्हनच्या प्लगमध्येच असा अर्ध्या ओहमचा रोध आला. ओव्हनचा एकूण रोध २४ ओहम, त्यात अर्धा मिळवला तर धारा ९.५७ वरून ९.३७ अँपिअर होते. ओव्हनला २२०० ऐवजी सुमारे २११० वॅट मिळतात. करणाऱ्याला फरक कळणारही नाही. पण त्या सांध्यात धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ४४ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंगची इस्त्री साधारण एवढ्याच शक्तीची असते. तशी एक इस्त्री तुमच्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये तासभर चालू राहिली तर काय होईल? सांधा तापतो, पितळेवर ऑक्साइड चढते, रोध वाढतो, सांधा आणखी तापतो. म्हणून ओव्हन चालल्यावर प्लग किंवा बटणाची पाटी गरम लागत असेल, जळका वास येत असेल, तर केक उत्तम फुगला तरी ओव्हन त्याच क्षणी बंद करा. सैल सांधा केक बिघडवत नाही, घर पेटवतो.

काकूंच्या ओव्हनमध्ये शक्तीच कमी पडत होती. पण स्पंद पूर्ण येत असूनही पदार्थ कच्चा राहत असेल तर? मग शक्ती किती वेळ मिळते ते पाहायचे. बहुतेक ओव्हनांवर थर्मोस्टॅटचा एक लहान दिवा असतो, एलिमेंट चालू असेतो लागलेला आणि हवे ते तापमान आले की विझणारा. हा दिवा दोन रोगांत फरक करतो. स्पंद पूर्ण आहेत आणि दिवा अर्धा-पाऊण तास विझतच नाही, तर उष्णता निर्माण होऊनही गळते आहे. दाराची रबरी पट्टी तपासा : ओव्हन थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि कागद ओढा. तो सहज सरकत असेल तिथून गरम हवा जाते. याउलट दिवा पाच मिनिटांतच विझत असेल आणि पदार्थ कच्चा राहत असेल, तर थर्मोस्टॅटला तापमान खरे कळत नाही. बऱ्याचदा कारण साधे असते. थर्मोस्टॅटची नळी आपल्या पकडीतून सुटून एलिमेंटला जवळजवळ टेकलेली असते. ती बिचारी हवेचे नव्हे, एलिमेंटचे तापमान सांगत असते.

थर्मोस्टॅट खरे बोलतो की नाही, याची साखरेने परीक्षा घेता येते. तापमापी तपासायला आपण स्थिरबिंदू वापरतो, बर्फ वितळण्याचा आणि पाणी उकळण्याचा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी १०० ला नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळते, हेही ध्यानात असू द्या. पण ओव्हनसाठी हे बिंदू फार खाली पडतात. साखर सुमारे १८६ अंशांना वितळते. ॲल्युमिनियमच्या पातळ कागदावर चमचाभर साखर पसरून, आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर पंधरा मिनिटे ठेवा. दाणे सुटे राहिले पाहिजेत. मग नवी साखर घेऊन १९५ वर तेच करा. आता ती वितळली पाहिजे. पहिल्याच वेळी वितळली तर ओव्हन दाखवतो त्याहून जास्त तापतो. दुसऱ्या वेळीही सुटी राहिली तर कमी. थर्मोस्टॅट चालू-बंद होताना तापमान दहाएक अंश वरखाली होतेच, आणि फार वेळ ठेवलेली साखर वितळण्याआधीच तपकिरी पडू लागते, म्हणून पंधरा मिनिटांची मर्यादा पाळा. वितळलेली साखर हाताला चिकटली तर भाजते तेही फार, चिमटा वापरा.

पावसाळ्यानंतरचा एक दोष वेगळाच. चार महिने न वापरलेला ओव्हन दिवाळीत प्रथम लावला की आरसीसीबी, म्हणजे गळतीच्या वेळी वीज तोडणारा स्विच, फटकन पडतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला तर हे हमखास. मल्टिमीटरने पाहावे तर एलिमेंट ४४ ओहम दाखवते, सगळे ठीक. दोष मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पुडीत असतो. ती हवेतील ओल शोषते आणि तारेतून नळीकडे थोडी वीज झिरपू लागते. हा स्विच ३० मिलीअँपिअरच्या आत पडतो. २३० ला ०.०३ ने भागले तर कळते की गळतीच्या वाटेचा रोध साडेसात हजार ओहमांवर उतरला तरी पुरे. मल्टिमीटरच्या नऊ व्होल्टच्या घटाला ही गळती अनेकदा दिसत नाही; वायरमन ५०० व्होल्टच्या मेगरने ती शोधतो. एलिमेंट काढून कोरड्या उष्णतेत वाळवले की बहुधा सुधारते, न सुधारल्यास बदलावे लागते. काही जण मात्र ओव्हनची अर्थची तार काढून टाकतात. स्विच पडायचा थांबतो, ओव्हन चालू लागतो, घरात आनंद होतो. आता ती गळती जमिनीत जाण्यासाठी एकच वाट उरलेली असते : ओल्या पायांनी उभे राहून ओव्हनचे दार उघडणारे माणूस. असे करणाऱ्याला मी दुरुस्ती करणारा म्हणणार नाही.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. एका ओव्हनवर खालचे एलिमेंट ११०० वॅट, वरचे ९०० वॅट, २३० व्होल्टसाठी, असे लिहिले आहे. घरच्या मीटरवर एका युनिटमागे १६०० स्पंद आहेत. संध्याकाळी साडेसातला मिनिटाला दोन्हींवर ४३, फक्त खालच्यावर २४ आणि फक्त वरच्यावर १९ स्पंद मोजले. थर्मोस्टॅटचा दिवा वीस मिनिटांनी विझतो, पूर्वी पंधरा मिनिटांत विझत असे. घरातल्यांनी नवा थर्मोस्टॅट आणायचे ठरवले आहे. तो आणू द्यावा का? आणि त्या वेळी घरात किती व्होल्टेज होते?